सुरतेची जकात आणि खानदेशची वाट

परदेशांतून एखादी शिडाची लहान नौका हौसेनें जग पाहत पाहत मुंबईस किंवा मुरगांवास येते, तेव्हां तिच्यावर एक पिवळें निशाण चढविलेलें असतें. नौकेवर रोगराई नाहीं, उतरण्याची अनुज्ञा असावी, असें त्या निशाणाचें सांगणें. मग आरोग्यखातें, कस्टम आणि पारपत्रें तपासणारे अधिकारी यांच्यापुढें नौकेच्या धन्याला उभें राहावें लागतें. माणसांची यादी, सामानसुमानाची यादी, पारपत्रें, व्हिसा हें सर्व पुरें व्हावें लागतें. आणि निघतांना लेखी आज्ञा हातीं पडल्यावांचून नांगर उचलतां येत नाहीं. इ. स. १९६२ च्या कस्टम कायद्याचें २९ वें कलम असें आहे कीं, बाहेरून येणाऱ्या जहाजानें पहिला मुक्काम ठरलेल्या कस्टम-बंदरांतच केला पाहिजे. वाटेंत कोंकणांतील एखादी रम्य पुळण दिसली म्हणून तेथें उतरून नारळ फोडीत बसण्याची सोय नाहीं. मात्र अपघातानें किंवा तुफानानें नाइलाज होऊन जहाज भलत्याच ठिकाणीं लागलें, तर त्यास ही बंदी नाहीं. त्याच्या मुख्यानें जवळच्या कस्टम अधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी द्यावी, असें तेथेंच म्हटलें आहे.

हा समुद्रकांठचा विषय आम्हां खानदेशी माणसांनीं कां काढावा, असें वाचकांस वाटेल. धुळें-जळगांवास समुद्र नाहीं हें खरें. परंतु समुद्राची वाट आहे. सातपुडा आणि दक्षिणेकडील डोंगर यांच्या मधून तापीनें पूर्वपश्चिम असा एक लांबलचक सखल पट्टा करून ठेविला आहे. कोंकणांतून देशावर यावयाचें तर सह्याद्रि चढावा लागतो. सुरतेहून नंदुरबारेस येणाऱ्या गाडीबैलांस तसा उभा घाट लागत नाहीं. म्हणून मोंगलाईंत आग्र्याकडे जावयास निघालेला परदेशी मनुष्य पुष्कळ वेळां सुरतेस उतरे, आणि नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें, रावेर या वाटेनें बऱ्हाणपूर गांठी. सुरत ही पुढची ओसरी मानली, तर खानदेश हें माजघर होतें. परक्या पाहुण्याची खरी पारख ओसरीवर होत नाहीं, माजघरांत होते, हें गृहिणींस सांगावयास नको.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही ही वाट, कांहीं एस्. टी. नें व कांहीं रेल्वेनें, पाहून आलों. निघण्यापूर्वीं जुन्या संवयीनें कौटिल्याचें अर्थशास्त्र चाळलें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथांत जकातघराची व्यवस्था इतकी बारकाईनें सांगितली आहे कीं, कारकुनी पेशांतील वाचकांस ती घरचीच वाटेल. नगराच्या मोठ्या दरवाज्यापाशीं शुल्कशाळा आणि तिचा ध्वज असावा. चारपांच लेखकांनीं व्यापारी कोण, कोठून आले, माल किती आणि पहिली मुद्रा कोठें झाली हें लिहून घ्यावें. मुद्रा नसल्यास दुप्पट शुल्क, खोटी असल्यास आठपट. देशांत शिरावयास किंवा बाहेर जावयास मुद्राध्यक्षाकडून एक माषक देऊन मुद्रा घ्यावी लागे. मुद्रा जवळ असलेल्या मनुष्यास ग्रंथकार 'समुद्र' म्हणतो. शाळेंत आम्ही हा शब्द मुलांना सोडवावयास देत असूं, आणि दरवर्षीं एखादा तरी मुलगा त्याचा अर्थ 'दर्या' असाच करी!

परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती नौकांच्या अध्यक्षास सांगितलेली एक गोष्ट. वाऱ्यानें भरकटून, मार खाऊन आलेल्या नौकेवर त्यानें बापासारखी कृपा करावी. पाण्यानें भिजलेल्या मालावर शुल्क घेऊं नये किंवा अर्धेंच घ्यावें. त्याच अध्यायांत चांचेगिरी करणाऱ्या नौका नाहींशा कराव्या असेंही बजाविलें आहे. आलेला मनुष्य कोण आहे हें ओळखूनच दार किती उघडावयाचें तें ठरवावें, हा त्यांतला व्यवहार. आमच्या या वाटेवरची सगळी भांडणें त्या ओळखण्यांतूनच निघालीं.

त्यांतलें सर्वांत गाजलेलें भांडण इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याचें. १८ सप्टेंबर १६१५ रोजीं त्याचें जहाज सुरतेजवळच्या सुवाळी येथें नांगरलें. तापीचें मुख गाळानें भरलेलें असल्यामुळें मोठीं जहाजें शहरापर्यंत जात नसत. सुरतेच्या अधिकाऱ्यांचें म्हणणें, जो उतरेल त्याची झडती होईल, हा येथील रिवाज. रो याचें म्हणणें, मी राजाचा वकील. माझ्या व माझ्या माणसांच्या अंगास हात लावूं देणार नाहीं. आठ दिवस निरोपांची जा-ये होऊन २६ तारखेस तो किनाऱ्यावर उतरला, तरी तंटा मिटला नाहीं. त्याच्या पेट्या जकातघरांत अडकून पडल्या, आणि महिनाभर त्याला सुरतेंतच खोळंबून राहावें लागलें.

इंग्रजी ग्रंथांतून ही हकीकत सुरतकरांच्या उद्दामपणाचा मासला म्हणून सांगितलेली असते. आमचें मत थोडें निराळें आहे. १६०८ मध्यें हॉकिन्स आला, तोही राजाचा वकील म्हणून. त्याच्यामागून कंपनीचे जे गुमास्ते दरबारीं गेले, त्यांनींही तोच मान सांगितला. शेवटीं 'वकील' हा शब्द सुरतेंत थट्टेचा झाला होता, असें खुद्द रो यानेंच लिहून ठेविलें आहे. पूर्वींच्या चौघांनीं खोटें नाणें चालविलें असेल, तर पांचव्याचें खरें नाणेंही सराफ दगडावर घासून पाहणारच! झडती ही कांहीं एकट्या त्याच्यासाठीं काढलेली नव्हती. १६६६ मध्यें आलेल्या थेवनो या फ्रेंच प्रवाशानेंही सुरतेच्या जकातघरांतील आपली झडती सविस्तर वर्णिली आहे, आणि ताव्हर्निये हा जवाहिऱ्या तेथील चोख तपासणीची साक्ष देतो. लहान मौल्यवान वस्तु अंगावर लपवून नेणें सोपें, म्हणून अंग चांचपणें आलें. तथापि पेट्या दिवसेंदिवस रोखून धरणें, ही जकात नव्हे. ती नजराण्यासाठीं लावलेली गळ होती, हेंही आम्ही तितक्याच स्पष्टपणें म्हणतों.

३० ऑक्टोबरास रो निघाला. सुरत ते बऱ्हाणपूर हा मुलूख त्याला ओसाड व दरिद्री वाटला. गांवें मातीचीं, विसाव्यास एक धड घर नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. मातीच्या घरांत उन्हाळा कसा सुसह्य होतो हें त्यास कळण्याचें कारण नव्हतें. पुढें आलेला ताव्हर्निये अधिक रसिक. नवापुरास त्याला कस्तुरीसारख्या वासाचा बारीक तांदूळ मिळाला आणि त्याची त्यानें मनापासून तारीफ केली आहे. आम्हीं तेथें वरणभात खाल्ला; वास वरणाचा होता, आणि तोही चांगला होता.

नंदुरबार १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालें आहे. जुन्या वाटेवरचें हें भरभराटीचें पेठेचें गांव. सतराव्या शतकांत येथें इंग्रजांची वखारही होती. परंतु आमचें मन तेथें रमलें नाहीं, कारण १६३० सालची हकीकत आमच्या डोक्यांत होती. त्या वर्षाच्या घोर दुष्काळांत पीटर मंडी हा कंपनीचा नोकर याच वाटेनें आग्र्याकडे गेला. रस्त्याच्या कडेला प्रेतें पडलेलीं. नंदुरबारेस तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळण्याची पंचाईत पडली. मंडीजवळ सर्व कागद होते, बरोबर माणसें होतीं, पैसा होता. तो पार पडला. जे पडले होते त्यांची वाट कोणीं अडविली नव्हती, त्यांना कोणी दस्तक विचारीत नव्हतें. परंतु जावें कोठें, हें त्यांना राहिलें नव्हतें. परवान्याचा विचार करतांना हीं माणसें नजरेआड करूं नयेत म्हणून हें येथें लिहिलें.

पुढें शिंदखेड्यावरून थाळनेर. तापीच्या उत्तर तीरावरचा पडका किल्ला ही फारुकी घराण्याची पहिली राजधानी. मूळ पुरुष मलिक राजा यास चौदाव्या शतकांत दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून हा प्रांत मिळाला. फारुकींच्या कबरी अद्याप उभ्या आहेत, आणि त्यांवरील कोरीव काम पाहण्यासारखें आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर टॉमस हिस्लॉप यानें येथील किल्लेदारास फांशीं देऊन आंतल्या शिबंदीची कत्तल केली. दोनशें वर्षांपूर्वीं अंगास हात लावूं न देणाऱ्या वकिलाच्या देशाचा हा सेनापति!

अशा नदीपार जाण्याच्या ठिकाणीं जुन्या काळीं जकातदार बसे. बंदरांत एकदां हशील भरलें म्हणजे पुढें मोकळीक, असें नव्हे. प्रत्येक जहागिरदाराचें नाकें निराळें. जहांगीर बादशहानें १६०५ मध्यें गादीवर येतांच जीं बारा फर्मानें काढलीं, त्यांत पहिल्यांतच वाटेवरचे हे कर मना केले. त्याच्या नातवाला, औरंगजेबाला, राहदारी पुन्हां माफ करावी लागली. जें बंद झालें आहे तें दुसऱ्यांदा बंद करावें लागत नाहीं, एवढ्यावरून काय तें समजावें.

चोपड्यापासून यावल, रावेरकडे उजव्या हातास तापीचें खोरें आणि डाव्या हातास सातपुडा सोबत करतो, आणि केळीच्या बागा संपतां संपत नाहींत. जळगांवच्या केळ्यास २०१६ मध्यें भौगोलिक नामांकन मिळालें. केळ्यांनीं भरलेले ट्रक आतां राज्याची सीमा ओलांडतांना विक्रीकराच्या नाक्यावर उभे राहत नाहींत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर तीं नाकीं उठलीं.

बऱ्हाणपुरास रो १४ नोव्हेंबरास पोंचला. कोतवालानें त्याला उतरावयास ज्या खोल्या दिल्या त्या विटांच्या भट्टीसारख्या होत्या, म्हणून तो तंबूंतच निजला. चार दिवसांनीं शहाजादा परवीज याची भेट झाली. रो यानें खुर्ची मागितली. येथें इराणच्या शहालाही बसावयास मिळणार नाहीं, असें उत्तर आलें. तेव्हां छताच्या रुपें मढविलेल्या खांबास टेकण्याची परवानगी त्यानें मिळविली! दोघांचाही मान राहिला. त्याच भेटींत बऱ्हाणपुरास वखार घालण्याची अनुज्ञाही मिळाली. सुरतेस आठवडे गेले तें येथें एका बैठकींत झालें, कारण येथें निर्णय करणारा मनुष्य समोर होता. शहाजाद्यानें पुन्हां एकांतांत भेटण्याचें कबूल केलें होतें. परंतु नजराण्यांत आलेल्या मद्याच्या बाटल्यांनीं घात केला आणि ती भेट राहूनच गेली.

याच बऱ्हाणपुराजवळ पुढें इंग्रजांनीं स्वतः जें नाकें बसविलें, त्याची हकीकत खानदेशांत फारशी कोणास ठाऊक नाहीं. मुंबई इलाख्यांत मिठावरील कर कमी, पलीकडे जास्त. तेव्हां स्वस्त मीठ पलीकडे जाऊं नये म्हणून सिंधूपासून महानदीकडे गेलेली एक कस्टमची रेघ त्यांनीं आंखली. तिची लांबी दोन हजार मैलांहून अधिक, तिच्यावर पहारेकरी सुमारें बारा हजार. पुष्कळ ठिकाणीं बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचें कुंपणच वाढविलेलें होतें. चांगलें माजलें म्हणजे तें दहा ते चौदा फूट उंच होई. पुढें राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे १८६७ ते १८७० या काळांत या खात्याचे मुख्य होते. १८७९ मध्यें ही रेघ मोडली. जहाजांतून आलेला परदेशी माल अडविणें समजतें. समुद्राचेंच मीठ गरिबाच्या भाकरीपर्यंत पोंचूं नये म्हणून कांट्यांची भिंत वाढविणें, हें कोणत्याही शुल्काध्यक्षास शोभलें नसतें. कुंपणाची खूण आम्हांस कोठें दिसली नाहीं. बोरी मात्र जिकडे तिकडे आहेत.

वाचकांपैकीं कोणास ही वाट पाहण्याची इच्छा झाल्यास दिवाळीनंतर निघावें. धुळ्याहून नंदुरबार व शिरपूर येथें एस्. टी. सहज मिळते, थाळनेर शिरपूर तालुक्यांतच आहे, तेथें पाणी बरोबर असावें व किल्ल्यांत काठी घेऊन फिरावें. रावेरहून बऱ्हाणपूर रेल्वेनें जवळ पडतें. बऱ्हाणपूर मध्यप्रदेशांत आहे. सीमा केव्हां ओलांडली हें आम्हांस स्टेशनावरची पाटी वाचूनच कळलें.