फळपाक

'पच्' या एकाच धातूपासून संस्कृतांत पिकणें आणि शिजणें हे दोन्ही अर्थ निघतात. ऊन फळाला पिकवितें आणि चूल अन्नाला. भाषेनें त्यांत भेद केला नाहीं. स्ट्रॉबेरीच्या ज्या गोड, पातळ रसाला आमचीं नातवंडें 'सॉस' म्हणतात, त्याला आम्ही 'फळपाक' म्हणतो तें याचसाठीं. मुरंबा म्हणावा, तर तो वर्षभर टिकावयास हवा. नुसता पाक म्हणावा, तर त्यांत फळ नाहीं.

हें फळही मोठें गमतीचें आहे. नांवांत 'बेरी' असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ही बेरी नव्हेच. द्राक्ष आणि टोमॅटो मात्र खऱ्या बेरी! स्ट्रॉबेरीचा आपण खातों तो लाल गर म्हणजे फुलाचें फुगलेलें आसन, आणि वरचे बारीक दाणे हींच तिचीं खरीं फळें. अमेरिकेंतील दोन जातींचा संकर अठराव्या शतकांत युरोपांत झाला व त्यांतून आजची बागाइती स्ट्रॉबेरी जन्मली. परंतु महाबळेश्वर-पांचगणीच्या थंड हवेंत ती अशी रुजली, कीं 2010 सालीं 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'स भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां कृति. अर्धा किलो पूर्ण पिकलेलीं, पण न सडलेलीं फळें घ्यावीं. देंठ काढण्यापूर्वींच तीं धुवावीं. देंठ आधीं काढल्यास आंत पाणी शिरून चव फिकी पडते. प्रत्येक फळाचे चार तुकडे करून त्यांतील मूठभर बाजूस ठेवावे. उरलेल्या तुकड्यांवर स्टीलच्या पातेल्यांत 100 ग्रॅम साखर पसरून 15 मिनिटें झांकून ठेवावें. साखर फळांतील पाणी ओढून घेते, म्हणून वरून पाणी घालावें लागत नाहीं. नंतर मंद आंचेवर ठेवून पळीच्या पाठीनें हलकेंच चेंचावें. 8 ते 10 मिनिटांत रस चकचकीत होऊन पळीला धरूं लागला, कीं अर्धें लिंबू पिळावें, राखलेले तुकडे घालावे व एक उकळी येतांच पातेलें उतरावें. गरम असतां पाक पातळच दिसतो. निवल्यावर तो दाटतो. लिंबू केवळ चवीसाठीं नव्हे. आम्लानें लाल रंग उजळ राहतो. याच आम्लामुळें ॲल्युमिनियमचें किंवा बिनकल्हईचें पितळी भांडें येथें वर्ज्य समजावें.

हा पाक गोड्या चक्क्यावर, आइस्क्रीमवर किंवा साध्या दह्यावरही शोभतो. गरम खिरींत मात्र घालूं नये, दूध फाटेल. तो निराळ्या वाटींत वाढला, कीं मुलांनीं भरपूर घ्यावा, आमच्यासारख्या वृद्धांनीं चमचाभरावर थांबावें, अशी ज्याची त्याची मात्रा ज्याच्या त्याच्या हातीं राहते.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. जॅमला सामान्यतः फळाच्या वजनाइतकी साखर लागते. ती पाणी बांधून ठेवते, म्हणून बुरशीस थारा मिळत नाहीं. येथें साखर फळाच्या पंचमांशच. म्हणून स्वच्छ, कोरड्या बरणींत भरून फ्रिजमध्यें ठेवला, तरी हा पाक आठवड्याच्या आंत संपवावा. कित्येक गृहिणींस हा दोष वाटेल. आम्हांस हा गुण वाटतो. आमच्या मातोश्री दर उन्हाळ्यांत साखरांबा करीत. ती बरणी आल्यागेल्यासाठीं, आजाऱ्यासाठीं, सासरीं जाणाऱ्या लेकीसाठीं राखलेली असे. त्यांच्या स्वतःच्या पानांत त्यांतील फोड पडलेली आम्हीं क्वचितच पाहिली. टिकणाऱ्या वस्तूंत 'पुढें कधींतरी घेऊं' म्हणण्यास जागा असते, आणि घरांतील बाईचा वांटा नेमका त्याच जागेंत हरवतो.

जें टिकत नाहीं, तें वेळींच वांटावें लागतें. वांटतांना वाढणारीनें स्वतःस गाळूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे. आमच्या घरीं आतां पाक उतरला, कीं पहिली वाटी सूनबाईंची निघते. त्या संकोचानें नको म्हणतात; पण त्यांनीं ती घेतल्यावांचून दुसरी वाटी भरावयाची नाहीं, असा आम्हीं नियमच केला आहे. वडीलपणाचा याहून बरा उपयोग आम्हांस सुचलेला नाहीं.