ठेकेदारवाली

झाशीला आत्याकडे गेले की दुपारी सिनेमा पाहायचा, हा आमचा जुना शिरस्ता. खंडेराव गेटजवळचं तिचं घर. घरात चौथी पिढी मराठी बोलते, पण भाजीवाल्याशी भांडताना आत्या अस्सल बुंदेलीत उतरते. यंदा मी लॅपटॉपवर 'आक्रीत' नेला होता. अमोल पालेकर म्हटल्यावर आत्या खूश. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'गोलमाल' तिने इथल्याच थिएटरात पाहिलेले. "तो बसस्टॉपवाला ना? लाव लाव."

मी तिला आधी काही सांगितलं नाही. थोडी लबाडीच केली.

'आक्रीत' १९८१चा, पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. लेखन विजय तेंडुलकरांचं. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला सत्तरच्या दशकात लहान मुलींचे आणि बायकांचे खून झाले, त्या प्रकरणावर बेतलेला. फ्रान्समध्ये नान्तच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं; आपल्याकडे मात्र 'गोलमाल' तोंडपाठ असलेल्यांनाही याचं नाव ठाऊक नसतं. गावातला बडा माणूस मुकुटराव म्हणजे पालेकर, आणि त्याच्याबरोबर राहणारी रुही म्हणजे चित्रा पालेकर.

"खरी बायको ना ही त्याची तेव्हाची?" आत्याने विचारलं. "संसारात राहून असलं कसं करवलं गं दोघांना!"

हळूहळू ती गप्प झाली. शेंगा सोलायच्या थांबल्या. मूल नाही, माणूस हातचा जाईल ही भीती, त्यात मांत्रिक आणि गुप्तधनाचा लोभ. रुहीची तडफड डोळ्यांना दिसते, तिचा रागही येतो आणि कीवही. मला जास्त भीती वाटली ती मुकुटरावाची. बसस्टॉपवर लाजणाऱ्या त्या पोराचाच चेहरा, तेच साधे डोळे. 'भूमिका'मधला पालेकरांचा केशव दळवी मी पाहिला होता, तरी मी दचकले. काही जागी सिनेमा भडक होतो, रक्त जरा जास्तच दाखवतो. नसतं दाखवलं तरी चाललं असतं.

संपल्यावर आत्याने चहा टाकला. बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग म्हणाली, "आमच्या मागच्या गल्लीत होती एक. ठेकेदाराने ठेवलेली. तिलाही मूल नव्हतं. आज हा बाबा, उद्या तो बाबा. निर्जळी उपास काय, मध्यरात्री तळ्यावर जाऊन अंघोळ काय! वाळून काडी झाली होती. तो दारात खाट टाकून विडी ओढत बसायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, मैंने थोड़े कहा है, अपने मन से करती है."

"मग?"

"मग काय. एका पहाटे खाट नव्हती. तो दतियाला गेला, लग्न करून. ही सहा महिने दार उघडं ठेवून झोपायची."

चहा उतू गेला. आत्याने फडक्याने ओटा पुसला, पातेलं पुन्हा चढवलं.

"नाव काय गं तिचं?"

आत्या आठवत राहिली. दोनदा तोंड उघडलं, मिटलं.

"ठेकेदारवालीच म्हणायचो सगळे," ती म्हणाली. "मीसुद्धा."