मापाड्याची लेक

गारखेड्यातल्या आमच्या घरी दूध मोजायला एक लिटरचा काचेचा मेजरिंग सिलिंडर आहे. त्याच्यावरच्या रेषा आता पुसट झाल्यात. दूधवाले बदलले, पण सिलिंडर गेला नाही. अम्मी तो ओट्यावर ठेवते, वाकून डोळा रेषेच्या पातळीला आणते आणि आकडा बोलते. पाणी असेल तर खालचा बाक वाचायचा, दूध असेल तर वरचा, कारण दुधातून खालचा दिसत नाही. आम्हा तिघा भावंडांना हे बाराखडीबरोबरच शिकवलं गेलं.

नाना जाफरगेटच्या मोंढ्यात मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की शेतकरी काट्याकडे बघायचा आणि अडत्या नानांकडे, असं अम्मी सांगते. माप मारणाऱ्यांच्या नावानं कुराणात एक सूरह आहे. नानांच्या घरात ती इतर कुठल्याही सूरहपेक्षा जास्त वेळा निघायची. बाकी नानांची मिळकत बेताचीच राहिली, हे वेगळं सांगायला नको.

डॉ. रफिक झकेरियांनी 1963 साली औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज सुरू केलं. ते नसतं तर नानांनी लेकीला बी.एस्सी.ला घातलं असतं का, याची आम्हाला शंका आहे. अम्मी तिथून 1979 साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि मग मराठवाडा विद्यापीठातून एम.एस्सी. तिथं कुणीतरी तिला कमला सोहोनींची हकीकत सांगितली होती. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून नाकारलं, त्या हटून बसल्या तेव्हा वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर घेतलं. पुढे 1939 साली त्याच कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. सगळे त्या पीएच.डी.चं कौतुक करतात. अम्मीच्या लक्षात राहिली ती अट. कारण 1982 साली चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती लागली, तेव्हा बरोबरच्या मुलांना सहा महिन्यांत कायम केलं आणि तिला वर्षभर टांगून ठेवलं.

गारखेड्यात आम्ही राहायला आलो ते तिच्या नोकरीमुळेच. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक. शहागंजाकडून चिकलठाणा लांब पडायचा. तेव्हा गारखेडा म्हणजे अर्धं गाव, अर्धे प्लॉट. आडनाव ऐकून तीन घरमालकांनी खोली 'आत्ताच गेली' म्हणून सांगितलं. चौथ्या घरच्या आजींनी फक्त विचारलं, पाणी सांडता का फार? तिथं आम्ही सात वर्षं राहिलो आणि पुढे त्याच गल्लीत कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. अम्मी लुनावरून कामाला जायची. दुपट्टा डोक्याभोवती घट्ट बांधलेला, डबा पुढे. संध्याकाळी तिच्या हाताला पिरिडिनचा वास असे. गोळीतला ओलावा मोजायच्या कार्ल फिशरच्या द्रावणात तेव्हा ते असायचं. सडक्या मासळीसारखा तो वास साबणानं जात नसे, आणि धाकटा तिच्या हातून घास घ्यायचा नाही.

बारा वर्षांत तिच्यामागून आलेले चार जण तिच्या वर गेले. त्याला कायद्याची सोय होती. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या 66व्या कलमानं बाईला संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करता येत नसे. रात्रपाळी केली नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून बढती नाही. कलम बाईच्या रक्षणासाठी होतं, असं म्हणतात. महाराष्ट्रानं ते 2015 साली बदललं, तोवर अम्मी प्रयोगशाळेतून कधीच बाहेर पडली होती.

ती बाहेर कशी पडली, ते सांगायला हवं.

गोळी पोटात गेल्यावर विरघळते की नाही, याची एक चाचणी असते. सहा काचेची भांडी, प्रत्येकात साधारण 900 मिलिलिटर द्रव, 37 अंश तापमान, वरून फिरणारं वल्हं. प्रत्येक भांड्यात एक गोळी टाकायची आणि ठरलेल्या मिनिटाला नमुना काढून किती औषध सुटलं ते मोजायचं. 1994 च्या उन्हाळ्यात एका लॉटच्या सहापैकी दोन गोळ्या मागे राहिल्या. अशा वेळी आणखी सहा गोळ्या लावायला नियमात जागा आहे. मात्र हिशेब बाराही गोळ्यांचा धरायचा. तिला सांगण्यात आलं की पहिला कागद काढून टाका, नवीन सहा लावा, त्या पास होतील. दुसऱ्या सहा खरंच पास झाल्या. अम्मी म्हणाली, दोन्ही कागद जोडते. साहेब म्हणाले, एकच. घरी येऊन ती अब्बांना एवढंच बोलली, "झूटे कागज पे मैं दस्तखत नै करती."

सही दुसऱ्या कुणीतरी केली. अम्मीला काचसामानाच्या स्टोअरमध्ये बसवलं. दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला.

आता हे वाचताना तिचा अभिमान वाटतो. तेव्हा आम्हाला राग आला होता. घराचा हप्ता अब्बांच्या एकट्याच्या पगारावर आला. थोरलीचं नाव इंग्रजी शाळेतून काढून अब्बांच्या शाळेत घातलं. थोरली आजही म्हणते की दोन गोळ्यांसाठी माझी शाळा गेली. अम्मी यावर काही बोलत नाही, आणि आम्हीही तिची बाजू घेत नाही. थोरलीचं म्हणणं खोटं नाही.

अशा फेरतपासणीवरच अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या कंपनीवर खटला झाला होता. न्यू जर्सीच्या न्यायालयानं 1993 सालीच सांगितलं होतं की नापास आकड्याचं कारण शोधल्याशिवाय पास होईपर्यंत तपासत राहता येणार नाही. अम्मीला हे एका सेमिनारमध्ये कळलं, दहा वर्षं उशिरानं. त्या रात्री तिनं जेवताना अब्बांना तो निकाल दोनदा समजावून सांगितला.

पुढची बावीस वर्षं तिनं प्रयोगशाळांना माल विकला. आधी काचसामान आणि रसायनं, मग तराजू, पीएच मीटर, शेवटी एचपीएलसीसारखी लाखांची यंत्रं. जालना, नांदेड, परभणी, नगर. एसटीच्या लाल डब्यात मांडीवर ब्युरेटचं खोकं. नात्यातल्या बायका म्हणायच्या, प्रयोगशाळेत निदान चार भिंती तरी होत्या. गेटवरचे वॉचमन विचारायचे, साहेब मागून येतायत का? साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा तिला विशेष आवडत. गळीत सुरू होण्याआधी ती तिथल्या पोलॅरिमीटरची नळी स्वतः धुऊन, रिकामा शून्य दाखवून द्यायची. उताऱ्याच्या टक्क्यावर उसाचा भाव हलतो, मग तो शून्य नीट नको का? हे बोलताना ती अगदी नानांसारखी दिसते.

विक्रीच्या धंद्यात तिचं वागणं उलटंच होतं. 2008 च्या अखेरीस ॲसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला. एचपीएलसीला हे द्रावक लिटरांनी लागतं आणि ते मुद्दाम कुणी फारसं बनवत नाही. ॲक्रिलोनायट्राइल बनताना बाजूला निघतं. मंदीत मोटारींचा आणि घरगुती यंत्रांचा खप पडला, त्यांच्या प्लॅस्टिकला लागणारं ॲक्रिलोनायट्राइल कमी झालं, आणि हे द्रावक आटलं. भाव कितीतरी पटींनी चढले. बाकीचे एजंट साठा दाबून बसले. अम्मी गिऱ्हाइकांना बारीक कॉलम लावून द्रावक कसं वाचवायचं, कुठे मिथेनॉल चालेल, पद्धत बदलली तर ती पुन्हा सिद्ध कशी करायची, हे वहीत लिहून देत फिरत होती. मालकानं तिला विचारलं, बाई, तुम्ही विकता की बंद पाडता? त्या वर्षी तिचा इन्सेंटिव्ह बुडाला. ती गिऱ्हाइकं मात्र ती 2017 साली निवृत्त होईपर्यंत तिलाच फोन करत राहिली.

थोरलीची मुलगी आता वाळूजला एका कंपनीत क्यूसीत आहे. रात्रपाळीही करते, कंपनीची गाडी दारात येते. मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर तिचा फोन आला. आम्ही सगळे दस्तरखानावरच होतो. एक पीक मर्यादेबाहेर गेलाय आणि वरून पुन्हा इंजेक्ट करायला सांगतायत. आजकाल प्रत्येक इंजेक्शनची नोंद संगणकात आपोआप राहते, तरी सांगणारे सांगतात.

अम्मीनं विचारलं, "पहिला प्रिंट काढून ठेवलास?"

"काढलाय, नानी. पण सही..."

थोरली हातातलं खजूर तसंच धरून बसली होती. अम्मीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. अर्ध्या तासानं बाहेर आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, थोरलीनं विचारलंही नाही. भाचीनं दुसऱ्या दिवशी नापास आकड्याची नोंद केली. चौकशीत कॉलम खराब निघाला. नोकरी आहे अजून.