राखून ठेवलेली पावलं

बुद्धिबळात दानाला जागा नाही. सारीपाटात दान पडल्याशिवाय सोंगटी हलत नाही. संगणकावरचे जुने डावपेचांचे खेळ या दोन पटांच्या मधे कुठेतरी मांडलेले असतात. त्यांतले बरेचसे मी खेळलोय, काही अजून खेळतो. पण चाळिशीचा चष्मा लागल्यावरही ज्याच्यापायी जागरण होतं असा खेळ एकच, १९९४ सालचा ‘एक्स-कॉम’.

ज्यूलियन गॉलप आणि त्याचा भाऊ निक या दोघा इंग्रज भावांनी तो मायक्रोप्रोज कंपनीसाठी बनवला. युरोपात तो ‘यूएफओ: एनिमी अननोन’ म्हणून आला, अमेरिकेत ‘एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स’ म्हणून. त्याआधी ज्यूलियनने झेडएक्स स्पेक्ट्रम या चिमुकल्या घरगुती संगणकासाठी ‘रिबेलस्टार’ आणि ‘लेझर स्क्वॉड’ लिहिले होते. मोजके शिपाई, प्रत्येकाच्या हालचालीचा हिशोब, भिंतीआड दडलेला शत्रू, सगळं तिथेच होतं. एक्स-कॉमच्या मागे अशी दहा वर्षांची मेहनत आहे आणि ती जाणवते.

गोष्ट तशी भाबडी. १ जानेवारी १९९९ला खेळ सुरू होतो. परग्रहावरून तबकड्या यायला लागल्यात, सोळा देशांनी पैसे घालून एक गुप्त दल उभं केलंय आणि तुम्ही त्याचे प्रमुख. (त्या सोळांत भारतही आहे, फार नाराज झाला तर तोही वर्गणी बंद करून मोकळा होतो.) एका पडद्यावर पृथ्वीचा गोल: तळ बांधा, संशोधन करा, शस्त्रं बनवा, जमाखर्च जुळवा. तबकडी पाडली की दुसरा पडदा: शेत, कोठार, काळोखी रात्र, आणि विमानाच्या उतरणीवर उभे आठ-दहा घाबरट शिपाई. पैसे कमी पडले की जुने खेळाडू लेझर तोफा बनवून विकतात. मानवजातीचं रक्षण करणारं दल शस्त्रांच्या घाऊक व्यापारावर पोसलं जातं, हे कुणाला खटकत नाही. मलाही नाही.

कौशल्य लागतं ते दुसऱ्या पडद्यावर. प्रत्येक शिपायाकडे दर टर्नला ठरावीक टाइम युनिट असतात. चालणं, वळणं, गुडघा टेकणं, गोळी झाडणं, सगळ्याची किंमत त्यातून वजा होते. गुडघा टेकायला चार युनिट लागतात, पण नेम सुधारतो. साध्या रायफलीने घाईची गोळी मारायची तर एकूण युनिटांचा पाव भाग जातो. नीट नेम धरून मारायची तर ८० टक्के. म्हणजे शिपाई एक पंचमांशाहून जास्त चालला की त्या टर्नला नेमाची गोळी विसरायची. इथवर हा नुसता जमाखर्च आहे, कुणीही शिकेल.

गॉलपची करामत पुढे आहे. तुमचा शिपाई शत्रूच्या नजरेसमोर पाऊल टाकतो तेव्हा खेळ दोघांचा हिशोब मांडतो: ज्याची त्याची चपळाई, गुणिले एकूण युनिटांपैकी किती शिल्लक आहेत त्याचं प्रमाण. शत्रूचा आकडा मोठा निघाला की तुमच्याच टर्नमध्ये त्याची गोळी सुटते. धापा टाकत आलेला शिपाई या हिशोबात अर्धमेला असतो. एका जागी युनिट राखून बसलेला भारी पडतो. एवढ्या एका गुणाकारातून दबा धरणं, एकाला पुढे बघायला पाठवून मागच्यांनी मारणं, माघार घेताना पाठीवर कुणाला ठेवायचं, हे सगळं आपसूक उगवतं. नियमांत त्यासाठी वेगळं कलम लागत नाही. मी पाहिलेल्या खेळांत इतक्या थोड्या गणितातून इतकं नाट्य दुसऱ्या कुणी काढलेलं नाही.

म्हणूनच मुरलेला खेळाडू मला त्याच्या न चाललेल्या पावलांवरून ओळखता येतो. नवखा आपला माणूस जमेल तितका पळवतो आणि आडोसा गाठला की खूश होतो. मुरलेला अर्ध्या वाटेत थांबतो, उघड्यावर का होईना, पण बंदूक रोखून. विमानातून उतरण्याआधी उतरणीच्या तोंडाशी धुराचा गोळा टाकतो आणि पहिला टर्न तसाच सोडून देतो. बघणाऱ्याला हे भलतंच कंटाळवाणं दिसतं. आमच्या घरी याला ‘पुतळ्यांचा खेळ’ म्हणतात.

एवढं करूनही दान उलटं पडतंच. एक्स-कॉममध्ये लागलेल्या गोळीचा मार शस्त्राच्या ताकदीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो आणि शून्यही निघू शकतो. नेम बरोबर, गोळी छातीत, आणि परग्रहवासी जसाच्या तसा उभा! इथे लोक चिडतात, खेळ लबाडी करतो म्हणतात. ‘सिव्हिलायझेशन’वाल्या सिड मायरने २०१० साली खेळ बनवणाऱ्यांपुढे भाषण करताना हा अनुभव मांडला होता: तीनास एक अशी बाजू भक्कम असताना हार झाली की खेळाडूला अन्याय वाटतो, तोच खेळाडू एकास तीन अशा पडत्या बाजूने जिंकला तर त्याची काही तक्रार नसते. मग आकडेच त्याच्या मनाजोगे वळवायचे. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ने २००२ सालच्या भागापासून एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायला सुरुवात केली. पडद्यावर ९० टक्के दिसतात, प्रत्यक्षात गोष्ट ९८च्या घरात जाते.

मला हे पटत नाही. आकड्यावर माणसं पणाला लावायची आणि आकडाच खोटा, तर माझं कौशल्य ते कशाचं? नव्वद टक्क्यांच्या एका गोळीवर सगळा डाव लावणारा दहातून एकदा बुडायला हवा. पहिल्याचा नेम चुकला तर म्हणून दुसरा शिपाई मागे तयार ठेवणं, त्याच्याही मागे पळवाट मोकळी ठेवणं, या धडपडीला तेव्हाच अर्थ येतो.

वैतागाची दुसरी जात मात्र निव्वळ हमालीची आहे आणि तिचं कौतुक करणाऱ्या जुन्या भक्तांशी माझं जमत नाही. मोहिमेवर ऐंशीच वस्तू नेता येतात. कुणाला काय दिलं होतं हे खेळाला आठवत नाही. दर खेपेला बंदुका, काडतुसं, हातबाँब नव्याने वाटा. शेवटचा एक परग्रहवासी कोठाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो, आणि त्याला शोधण्यात लढाईहून जास्त वेळ जातो. १९९५ सालच्या ‘टेरर फ्रॉम द डीप’ या समुद्राखाली घडणाऱ्या पुढच्या भागात तर प्रवासी जहाजावरच्या दोन-दोन टप्प्यांच्या मोहिमा आहेत, एकेक केबिन उघडत बसायचं. वर संशोधन चुकीच्या क्रमाने केलं तर पुढची दारं कायमची बंद होतात आणि खेळ ते सांगतही नाही. याला अवघड म्हणू नये, हे कच्चं काम आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो, त्यामुळे माझा लाडका दोष वेगळा आहे. एक्स-कॉमच्या मूळ डॉस आवृत्तीत कितीही अवघड पातळी निवडली तरी पहिल्या मोहिमेनंतर खेळ गुपचूप सगळ्यात सोप्या पातळीवर येई. बराच काळ हे कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? खेळ सोपा झाला काय किंवा आपण तरबेज झालो काय, खेळणाऱ्याला आतून दोन्ही सारखंच वाटतं, आणि आपण तरबेज झालो याची तक्रार कोण करणार! तरीही ‘फारच सोपा आहे’ अशी जी कुरकुर झाली तिच्यामुळे पुढचा भाग मुद्दाम खडतर केला गेला, असं जुने खेळाडू सांगतात. त्या भागाची क्रूरता पाहता मला ते खरं वाटतं.

२०१२ साली फिरॅक्सिस कंपनीत जेक सॉलोमनच्या चमूने एक्स-कॉम नव्याने घडवला. हमाली जवळजवळ सगळी गेली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण टाइम युनिटही गेले. आता शिपायाला दोनच कृती: हला आणि मारा, किंवा दोनदा हला. खेळ वेगवान झाला, देखणा झाला, शिकायला सोपा झाला. मीही तो आवडीने खेळलो. तरी अर्ध्या वाटेत थांबण्यातली ती बारीक कसरत, पाच युनिट जास्त खर्चले म्हणून जीव टांगणीला लागणं, ते दोन कृतींच्या ठोकळ्यांत मावत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली. एरवी या खेळांत गोळी चुकली की सेव्ह उघडून पुन्हा झाडायची, लागेपर्यंत झाडायची, अशी सवय जडते. त्यांनी आकड्यांचा क्रम सेव्हमध्येच बांधून ठेवला. पुन्हा उघडा, तीच गोळी मारा, पुन्हा चुकेल. वेगळं काही करायचं असेल तर चालच बदलावी लागते.

मूळ खेळ आजही स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. त्याच्या फायली घेऊन ओपनएक्सकॉम या मोफत प्रोग्रॅममध्ये खेळा. तो जुन्या लॅपटॉपवरही चालतो, ऐंशी वस्तूंची अट त्यात नाही, शिपायांचं सामान तो लक्षात ठेवतो. सुरुवात सगळ्यात खालच्या पातळीपासून करा आणि पहिले दोन महिने तरी मेलेल्या शिपायासाठी सेव्ह उघडू नका. तिथे जी पातळी निवडाल तीच शेवटपर्यंत राहते.