ग्लासगोची हिरवळ

चहाच्या किटलीचें झांकण उडतांना पाहून जेम्स वॉटला वाफेचें यंत्र सुचलें, ही गोष्ट बाळपणीं कोणीं ऐकली नाहीं? ग्लासगोस जाणाऱ्या वाचकांनीं मात्र ती किटली विसरून क्लाइड नदीकांठच्या विस्तीर्ण हिरवळीवर जावें. तेथें एक स्मारकशिळा आहे. खरी हकीकत तिच्याजवळची.

न्यूकोमेनचें यंत्र १७१२ पासून खाणींतील पाणी उपसतच होतें. त्याची एक लहान प्रतिकृति १७६३ च्या हिवाळ्यांत विश्वविद्यालयाचीं उपकरणें करणाऱ्या वॉटकडे दुरुस्तीस आली. ती आजहि तेथील हंटेरियन संग्रहालयांत जपलेली आहे. चारदोन फेरे होतांच तिची वाफ सरे. कारण, वाफेचें पाणी करण्यासाठीं थंड पाण्याचा फवारा तापलेल्या सिलिंडरांतच सोडीत. प्रत्येक भाकरीमागें तवा पाण्याखालीं धरण्यासारखाच हा प्रकार! १७६५ च्या वसंतांत, एका रविवारीं, या हिरवळीवर फिरतां फिरतां वॉटला उलगडा झाला: वाफ दुसऱ्या भांड्यांत नेऊन निववावी, म्हणजे सिलिंडर सदैव तप्त राहील.

परंतु यंत्र प्रत्यक्ष चालण्यास आणखी अकरा वर्षें लागलीं. दट्ट्या घट्ट बसेना. संसारासाठीं वॉट कालव्यांची मोजणी करीत हिंडे. १७७३ सालीं तो असाच डोंगराळ उत्तरेंत असतां पत्नी मार्गारेट अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तो घरीं पोंचण्यापूर्वींच ती निवर्तली होती. पुढें विल्किन्सननें सिलिंडर अचूक कोरून दिले, आणि १७७६ मध्यें यंत्र एकदांचें चाललें.