जोडतारांचा नाद

मे महिन्यात यवतमाळात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडीठाक होते आणि लाकूड आक्रसते. पाऊस लागला की तेच लाकूड ओल पिऊन फुगते. सागवानाच्या या जिल्ह्यात लाकडाचा हा स्वभाव कुणाला नवा नाही. उन्हाळ्यात दाराला फट पडते, पावसाळ्यात तेच दार चौकटीत अडते. अशा हवेत ज्याच्या घरी बारा तारांची अकूस्टिक गिटार असते, त्याला मात्र वर्षभर तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते. साध्या सहा तारांच्या गिटारवर तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ७५ किलोंचा असतो. बारा तारांच्या गिटारवर तो सहज शंभरीच्या पुढे जातो. सतारीत जिला तबली म्हणतात, तशी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची वरची फळी, तिच्यावर चिकटवलेला ब्रिज आणि एक लाकडी मान, एवढ्यांनी मिळून हा सगळा भार रात्रंदिवस पेलायचा असतो.

इतका खटाटोप करूनही ही गिटार एकदा हाती आली की वादक तिला सहसा सोडत नाही. त्याचे कारण तिच्या आवाजात आहे, आणि तो आवाज कसा घडतो हे पाहण्यासारखे आहे.

बारा तारा म्हणजे बारा वेगवेगळे स्वर नव्हेत. त्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत, म्हणजे ई, ए, डी आणि जी या तारांशेजारी, तोच स्वर एका सप्तकाने वर बोलणारी बारीक तार बसवलेली असते. बी आणि वरची ई या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवतात. यातली जीची बारीक तार साऱ्या वाद्यातली सर्वांत उंच स्वराची. वरच्या ईपेक्षाही ती वर बोलते. त्यामुळे एक साधी कॉर्ड छेडली तरी मंद्र ते तार अशा दोन-तीन सप्तकांचा पट एकदम उघडतो. हात वरून खाली फिरला की बोटांत धरलेल्या पिकला आधी बारीक तार लागते आणि लगेच जाड. एका स्वराच्या आत उजेड आधी आणि भरीवपणा मागून, असा क्रम कानाला जाणवतो.

पण खरी जादू एकाच स्वरात मिळवलेल्या दोन तारांची. कितीही काळजी घेतली तरी त्या तंतोतंत एक होत नाहीत. एक तार सेकंदाला ३३० वेळा आणि दुसरी ३३१ वेळा कंप पावत असेल, तर त्यांचा मिळून आवाज दर सेकंदाला एकदा हलकेच चढतो आणि उतरतो. सप्तकाने मिळवलेल्या जोड्यांतही असेच घडते, आणि प्रत्येक जोडीची चढउतार निराळ्या गतीची. त्यातून तो थरथरता, चमचमता नाद तयार होतो. पियानोतही वरच्या स्वरांसाठी प्रत्येकी तीन तारा असतात. गॅब्रिएल वाइनरिख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवून दिले, की त्या तारांमधला अगदी किंचित फरक स्वराला जास्त वेळ जिवंत ठेवतो. बारा तारांच्या गिटारचे रहस्य याच्या फार जवळचे आहे. तिचे सौंदर्य दोन तारांच्या जवळिकीत आहे, आणि त्या जवळिकीत थोडे अंतर उरलेलेच असते.

ही गोष्ट मराठी कानाला परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन तारांना 'जोड' म्हणतात. दोन्ही षड्जात, शेजारी शेजारी. त्या मिळवताना गवय्या डोळे मिटून जे ऐकत असतो, तेच बारा तारांची गिटार मिळवणाऱ्याला सहा वेळा ऐकावे लागते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराची घोडीवर जवारी काढण्याची सारी मेहनत एकाच गोष्टीसाठी असते: एका तारेतून अनेक स्वर झिरपावेत. सतारीच्या अकरा-तेरा तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या तारा, कुणी मुद्दाम छेडत नाही. वरचा स्वर लागला की त्या आपण होऊन जाग्या होतात. भजनातली वीणा आणि एकतारी ऐकत मोठा झालेला, किंवा गोंडांच्या कथा सांगणाऱ्या परधानांची गजावर वाजणारी किंगरी ऐकलेला यवतमाळचा माणूस स्वराभोवतीच्या या झंकाराला आधीपासून ओळखतो.

पश्चिमेत बारा तारांच्या गिटारचा उगम बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. मेक्सिकोत सहा जोड्यांचे 'बाजो सेक्स्टो' हे भारदस्त वाद्य आधीपासून होतेच. सुरुवातीला बारा तारांची गिटार बाजारातली एक नवलाई म्हणून विकली गेली. तिला मान मिळवून दिला तो गरीब कृष्णवर्णीय गायकांनी. जॉर्जियाचा अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल रस्त्यावर, उघड्यावर तिच्या साथीने गात असे. तिथे वाद्याचा मोठा आवाज हीच मोठी सोय होती. लुइझियानाचा हडी लेडबेटर, म्हणजे लेड बेली, तुरुंगात असताना १९३३ साली जॉन लोमॅक्स या लोकगीत संग्राहकाला भेटला आणि त्याची गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्याची गिटार 'स्टेला' या स्वस्त बनावटीची. तिच्या तारा तो नेहमीच्या स्वरापेक्षा बऱ्याच खाली उतरवून ठेवी आणि खर्जाच्या तारांवर दारूच्या गुत्त्यांतल्या पियानोवादकांचा डावा हात वाजवी. १९४९ साली तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या गाण्यांतले 'गुडनाइट, आयरीन' दुसऱ्यांच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले.

१९६० च्या दशकात हा नाद घरोघरी गेला. १९६३ साली 'रूफटॉप सिंगर्स'चे 'वॉक राइट इन' गाजले, १९६४ साली 'बीटल्स'च्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली आणि पाठोपाठ रॉजर मॅकग्विनने तिच्यावर 'बर्ड्‌झ' या आपल्या बँडचा सारा आवाज उभा केला. अकूस्टिक वादकांत लिओ कॉटकीने १९६९ च्या आपल्या तबकडीत दाखवले, की हे वाद्य नुसते साथीचे नाही; त्याच्यावर बोटांनी एकट्याने पूर्ण मैफल करता येते. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात बहुतेकांनी ऐकलेली असते. ती बारा तारांवरची आहे, हे मात्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात आलेले नसते.

महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात तर बारा तारांची वेगळीच परंपरा जिवंत आहे. पोर्तुगीज गिटारलाही बारा पोलादी तारा, सहा जोड्या. तिचे पोट गोल, नासपतीच्या आकाराचे, आणि डोक्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या खुंट्या. फादो हे पोर्तुगीज विरहगीत तिच्याशिवाय पूर्ण होत नाही. सोनिया शिरसाट या गोव्याच्या गायिकेने फादो पुन्हा तरुण श्रोत्यांपर्यंत नेला. ऑर्लांदो द नोरोन्हा आणि फ्रान्झ शुबर्ट कोटा यांच्यासारख्या वादकांनी ही गिटार गोव्यात वाजती ठेवली. फादो ऐकताना लक्षात येते, की गायिकेचा स्वर संपला तरी जोडतारा तो हवेत थोडा वेळ धरून ठेवतात. त्या उरलेल्या स्वरातच विरहाची भावना सर्वांत तीव्र होते.

पाश्चात्य गिटार आणि भारतीय तरफा या दोन जगांतले अंतर ओलांडण्याचे प्रयत्नही झाले. १९७५ च्या सुमारास 'शक्ती' या आपल्या वाद्यवृंदासाठी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने अशी गिटार बनवून घेतली, जिच्या मुख्य तारांखालून सात तारा तिरप्या जात. झाकीर हुसेन यांचा तबला, एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि त्या तरफांचा झंकार यांनी गिटारला मैफलीच्या बैठकीत जागा मिळवून दिली. विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेवर तरफांच्या बारा तारा बसवल्या आणि १९९४ साली राय कूडरसोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना ग्रॅमी मिळाले. दोघांनाही हवा होता तो मुख्य स्वराभोवतीचा तोच झंकार.

वाजवायला ही गिटार सोपी नाही. मानेची रुंदी सहा तारांच्या गिटारपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त. एका बोटाखाली दोन तारा दाबायच्या, त्याही कमीजास्त जाडीच्या. बोट थोडे कलले तर जोडीतली एक तार मुकी राहते. मींड खेचणे अवघड, कारण दोन्ही तारा सारख्या खेचल्या गेल्या नाहीत तर स्वर फाटतो. खुद्द कॉटकीच्या उजव्या हाताच्या स्नायुबंधांना जोरकस वादनामुळे इजा झाली आणि १९८० च्या दशकात त्याला आपली सारी पद्धत बदलावी लागली. म्हणून या वाद्यावर घाई चालत नाही. कमी कॉर्ड, मोकळ्या तारा, दोन आघातांमध्ये पुरेशी जागा, एवढे पाळले की गिटार भरभरून बोलते. वेगाच्या मागे लागलेल्या तरुण वादकाला ती थांबून ऐकायला शिकवते, आणि आजच्या घडीला हे शिक्षण मोलाचे आहे.

यवतमाळ, पुसद, वणी इथल्या वादकांनी या वाद्याला आपल्या हवेत जपायचे तर काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. तारा एक स्वर खाली, म्हणजे ईऐवजी डीत मिळवाव्यात. मूळ पट्टी हवी असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावावा. तारा अशा उतरवल्याने मानेवरचा आणि ब्रिजवरचा ताण बराच हलका होतो. तारा बारीक गेजच्या घ्याव्यात. गिटार भिंतीवर टांगू नये, कूलरच्या झोतात तर नाहीच. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे गिटार बनवणारे सांगतात. उन्हाळ्यात ती राखायला पेटीत ओला स्पंज भोके पाडलेल्या डबीत ठेवावा. पावसाळ्यात त्याच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. मिळवताना आधी जाड तारा लावून घ्याव्यात, मग त्यांच्या जोडीदार, आणि यंत्राच्या काट्यावर समाधान न मानता शेवटचा निर्णय कानावर सोडावा.

आणि तारांचा पहिला संच घेतानाच जीची बारीक तार दोन-तीन जादा मागून घ्यावी. सगळ्यात आधी तीच तुटते, आणि तिच्यावाचून ही गिटार अर्धीच वाजते.