गाडी वयानं मोठी आहे

आमच्या पहूरची विशीतली पोरं बटन दाबताच सुरू होणारी गाडी दारात ठेवतात आणि जीव टाकतात तो बापाच्या येझदीवर! म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे गाडी पोरापेक्षा वडीलच. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून, बाळगुटीसारखं मापात पाजावं लागतं. किक मारायचा दांडा तोच पुढे गिअरचा होतो. एकाच बाईनं सासूचंही काम करावं नि सुनेचंही, तसं.

उन्हाळ्यात ही मंडळी वाघूरच्या कोरड्या पात्रात दगडधोंड्यांवरून गाडी हळूहळू काढतात. पाय टेकला की हरला! विलायतेत या खेळाला ‘ट्रायल्स’ म्हणतात. तिथंही वेगाला किंमत नाही, तोलाला आहे.

भंगारवाला शेजारच्या पोराकडे चारदा येऊन गेला. मी विचारलं, “का रे, विकत का नाहीस?”

“काका, नवी गाडी मेकॅनिकला कळते. ही मला कळते.”

त्याचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. संध्याकाळी येझदीचा आवाज गल्लीत शिरला, की त्याची आई अजूनही न विचारता चहाचं आधण ठेवते. आता याचा भाव भंगारवाला किलोवर कसा काढणार?